गुंठ्याला ८६ रुपयांचा लाड

"पाऊस जास्त झाला की पॅकेज, कमी झाला की पॅकेज. शेतकऱ्यांचे किती लाड करायचे?"

२०२५च्या दिवाळीनंतर पुण्यात एका जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ अडाणी नव्हते आणि दुष्टही नव्हते. आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली तपासलेले, निवृत्तीनंतर अर्थकारणाचं नेमानं वाचणारे. त्यांचं म्हणणं नीट मांडतो, कारण समोरच्याचं अर्धंच सांगून ते खोडण्यात मजा नाही. ते म्हणाले, सरकार फुकट पैसे वाटतं म्हणून शेतकरी विमा मनावर घेत नाही, नदीकाठचं रानही बिनधास्त पेरतो. पंचनाम्यात ज्याचं बुडालं त्याला कमी आणि ज्याचं नाही त्याला जास्त मिळतं. आणि ३१,६२८ कोटी म्हणजे करदात्यांचा पैसा, तेवढ्यात कायमची कामं झाली असती.

त्या दिवशी मी गप्प बसलो. यजमान जुने स्नेही, पानात पुरणपोळी. आता उत्तर देतो.

आधी लाड किती ते मोजू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे दर केंद्रानं २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवले, त्यात जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. तेही नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर, आणि दोन हेक्टरपर्यंतच. धाराशिव जिल्ह्यात, जिथं माझं गाव आहे, खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन, आणि त्यातलं बरंचसं जिरायत. हेक्टरी ८,५०० म्हणजे एकरी सुमारे ३,४४०, म्हणजे गुंठ्याला ८६ रुपये. पुण्यात ज्या सदनिकेत आम्ही जेवत होतो ती साधारण गुंठाभर जागेवर असेल. तेवढ्या जागेतलं उभं पीक पाण्याखाली गेलं तर सरकार ८६ रुपये देतं.

आता खर्च पाहा, आणि तो माझ्या हिशेबानं नको, सरकारच्याच हिशेबानं पाहा. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला. तो उत्पादनखर्चाच्या दीडपट धरलेला असतो, म्हणजे सरकारच्याच मते एक क्विंटल सोयाबीन पिकवायला ३,५५२ रुपये लागतात. यात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज नाही. हेक्टरी दहा क्विंटल धरले तर खर्च ३५,५२० रुपये. त्यातले ८,५०० सरकार देतं, म्हणजे चार आणेही नाही. आता सांगा, मदतीच्या आशेनं नदीकाठी पेरणारा शेतकरी नेमका कसला हिशेब करतो? साडेआठ हजार मिळावेत म्हणून पस्तीस हजार पाण्यात घालणारा माणूस अजून मला भेटायचा आहे. बँकेत असा कर्जदार आला असता तर आमच्या गृहस्थांनी त्याला कर्ज तर दिलं नसतंच, वर घरच्यांना बोलावून घेतलं असतं.

नदीकाठाचंही एकदा सांगितलंच पाहिजे. परंडा तालुक्यात सीना नदीच्या काठाला जे शेतकरी आहेत ते तिथं अतिक्रमण करून बसलेले नाहीत. तीन-चार पिढ्यांचा सातबारा आहे. हा जिल्हा पर्जन्यछायेतला, जन्मभर टँकर आणि चारा छावण्या पाहिलेला. तिथं नदीकाठचं रान हे सगळ्यात चांगलं रान समजलं जातं, सोयरीक जुळवताना ते आवर्जून सांगितलं जातं. २०२५च्या सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच रानावरून पाणी गेलं, परंड्यातल्या माणसांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. पीक तर गेलंच, पण कित्येकांची माती गेली. खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढच्या वर्षी येतं, माती येत नाही.

"पण ८,५०० कुठं, १८,५०० दिले की!" हे मला ऐकवलं जाणार, म्हणून तेही घेऊ. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बियाणं आणि इतर गोष्टींसाठी हेक्टरी १०,००० रुपये वाढवून दिले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. हे चांगलं झालं, नाही म्हणणार नाही. पण त्याआधीची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १ जानेवारी २०२४च्या शासन निर्णयानं राज्यानं हेच दर जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३६,००० केले होते, तीन हेक्टरच्या मर्यादेत. ३० मे २०२५च्या शासन निर्णयानं ते मागे घेतले आणि गाडी पुन्हा ८,५०० आणि दोन हेक्टरवर आणून ठेवली. म्हणजे मे महिन्यात ५,१०० कापले आणि ऑक्टोबरमध्ये १०,००० जोडले. मधल्या चार महिन्यांत पूर आला नसता तर कापलेलं कापलेलंच राहिलं असतं. याला 'ऐतिहासिक' म्हणणाऱ्यांनी इतिहास निदान चार महिने मागे जाऊन वाचावा.

आणि ते ३१,६२८ कोटी सगळे शेतकऱ्याच्या खात्यात गेले असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याची फोड पाहावी. त्यात रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीचे १०,००० कोटी होते. विमा कंपन्यांकडून मिळतील अशी अपेक्षा असलेली रक्कम होती, जिच्यासाठी शेतकऱ्यानंही हप्ता भरलेला. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं होती. म्हणजे आमच्या गृहस्थांना हवी असलेली 'कायमची कामं' त्याच पॅकेजच्या पोटात होती आणि बिल मात्र शेतकऱ्याच्या लाडाच्या नावावर फाडलं गेलं. दुभत्या जनावराला ३७,५०० ठरले. तेवढ्यात दुभती म्हैस मिळते का, हे कुठल्याही आठवडी बाजारात जाऊन विचारावं. उत्तर मिळणार नाही, लोक हसतील.

खरा घोटाळा मात्र शब्दाचा आहे. टीका करणारे याला 'खैरात' म्हणतात, मंत्री 'मदत' म्हणतात, वर्तमानपत्रं 'नुकसानभरपाई' म्हणतात. तिन्ही चूक. सरकारी कागदावर याचं नाव 'निविष्ठा अनुदान' आहे. निविष्ठा म्हणजे बी-बियाणं, खत, औषध. बुडालेल्या पिकाची किंमत चुकती करण्याचा इथं दावाच नाही. हे पुढच्या पेरणीचे पैसे आहेत. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तर वादाचा निम्मा धुरळा खाली बसतो. खैरात असेल तर ती कधीही द्यावी, घेणाऱ्यानं कुरकुर करू नये. भरपाई असेल तर सावकाश मोजून द्यावी. पण बियाण्याचे पैसे असतील तर त्यांना तारीख असते, आणि ती मंत्रालय ठरवत नाही, नक्षत्रं ठरवतात.

हे इंग्रजांना कळत होतं. १८७५ साली भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, चौकशी आयोग बसला, आणि पुढे १८८३ आणि १८८४ साली तगाईचे दोन कायदे झाले. त्यातला १८८४चा कायदा थेट बियाणं आणि बैलांसाठी कर्ज देण्याचा. इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका नव्हता. पेरणी झाली नाही तर सारा बुडेल, एवढाच त्यांचा स्वार्थ. तगाई कर्ज होती, जप्तीनं वसूल व्हायची, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण ती कशासाठी आहे याबद्दल देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात गोंधळ नव्हता. आमच्याकडे म्हातारी माणसं अजूनही सरकारी पैशाला 'तगाई' म्हणतात. मला वाटतं, आपल्यापेक्षा त्यांचा शब्द जास्त नेमका आहे.

विम्याकडे वळू, कारण शिकलेल्या माणसाचा तो हुकमी पत्ता असतो. "विमा घ्या, हात का पसरता?" खरीप २०२३पासून राज्यात एक रुपयात पीकविमा होता. त्यात बोगस अर्ज झाले, हे खरं. गायरानावर, दुसऱ्याच्या रानावर विमे उतरवले गेले. म्हणून २०२५च्या खरिपापासून ती योजना बंद झाली आणि शेतकऱ्याला पुन्हा दोन टक्के हप्ता आला. इथवर माझी तक्रार नाही. पण त्याच बदलात स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे निकष काढून टाकले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. याचा अर्थ साध्या भाषेत असा: तुमच्या रानात कमरेएवढं पाणी असलं तरी तुमचं रान कुणी बघणार नाही. महसूल मंडळातल्या ठरलेल्या प्लॉटांवर पीक कापून सरासरी काढणार, ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर पैसे. तुम्ही ओढ्याकाठी आणि प्रयोगाचा प्लॉट माळावर असेल तर नशीब तुमचं. म्हणजे पुराविरुद्धचा विमा ज्या वर्षी काढून घेतला, नेमका त्याच वर्षी पूर आला. त्या वर्षी अकोला जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांच्या खात्यात विम्याचे तीन रुपये, एकवीस रुपये असे जमा झाले आणि त्यांनी ते धनादेशानं जिल्हाधिकारी कार्यालयाला परत केले. विमा हा मदतीला पर्याय आहे असं म्हणणाऱ्यानं आधी तो विमा उघडून पाहावा. मलाही मदतीपेक्षा विमा आवडेल. पण असा विमा असायला तर हवा.

पंचनाम्यातल्या चोरीबद्दल गृहस्थ बरोबर होते. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावं घुसवून कोट्यवधी रुपये लाटले गेले, गुन्हे दाखल झाले. पण कुणावर? तलाठ्यांवर आणि महसूल खात्यातल्या इतर कर्मचाऱ्यांवर. याद्या शेतकरी बनवत नाही. यादी करणारा सरकारी, तपासणारा सरकारी, अपलोड करणारा सरकारी. त्यात चोरी झाली तर शिक्षा म्हणून योजनाच बंद करायची, हा न्याय मला कळत नाही. बँकेत अपहार झाला म्हणून ठेवीदारांच्या ठेवी बुडवाव्यात, असं आमच्या गृहस्थांनी कधी सुचवलं असेल असं वाटत नाही.

करदाता हा शब्द तर इतक्या रुबाबात उच्चारला जातो, जणू शेतकरी करातून सुटलेला परदेशी पाहुणा आहे. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी तो भरतो, खतावर पाच टक्के भरतो, डिझेलवरचा कर तर आहेच. त्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही, कारण तो व्यापारी नाही. भरलेला कर तिथंच मुरतो. पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही. मला नोकरदार वाचकाला दुसरी आठवण द्यायची आहे. तुमच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. तो कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली योजना चालवायला शहरातल्या पगारदारांनी आपल्या पगारातून पैसे द्यायचे, असं या राज्यानं ठरवलं आणि पगारदारांनी ते दिले. तेव्हाही कुरकुर झाली असेल. पण 'फुकटे' हा शब्द तेव्हा महाराष्ट्राच्या तोंडी नव्हता. तो नंतर आला.

आता माझी खरी तक्रार. तिच्यात मी गृहस्थांच्या बाजूचा नाही आणि सरकारच्याही नाही.

आमच्याकडे रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. हरभऱ्याला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेळ मिळतो. २०२५ साली पूर आला सप्टेंबरअखेर, पॅकेज ७ ऑक्टोबरला, आणि शब्द दिला 'दिवाळीपूर्वी'. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे शब्द तंतोतंत पाळला असता तरी ज्वारीची वेळ निघून गेलेली. तसंही रानाला वाफसा नव्हता, ते एक वेगळंच. आणि शब्द सगळ्यांच्या बाबतीत पाळला गेला नाही. खूप जणांचे पैसे दिवाळीनंतर आले.

उशीर कुठं होतो ते पाहिलंय. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. यादी तहसीलला जाते, तिथून पोर्टलवर, मग विशिष्ट क्रमांक पडतो. तो घेऊन शेतकऱ्यानं सेवा केंद्रावर जायचं आणि ई-केवायसीसाठी अंगठा द्यायचा. खुरप्यानं झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र. एक भाऊ भिवंडीला, एक बहीण नांदून बार्शीला. खातेदार वारला असेल तर वारसनोंद. हे सगळं जमलं तर बँक. शासन निर्णय सांगतो की या रकमेतून कर्जवसुली करू नका, तरी खात्याला होल्ड लागल्याची तक्रार दरवर्षी असतेच.

आणि हेच सरकार पीएम-किसानचे दोन हजार आणि नमो शेतकरीचे दोन हजार राज्यातल्या सुमारे नव्वद लाख शेतकऱ्यांच्या खात्यात एका कार्यक्रमात, एका कळीवर पाठवतं. खाती तीच, आधार तोच, माणसं तीच. कार्यक्रम असला की पैसा एका दिवसात पोचतो आणि पूर आला की त्याला दोन महिने लागतात. २०२५मध्ये फार्मर आयडी असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. चांगलं झालं. पण मग ती अट इतकी वर्षं कशासाठी होती?

पाऊस मोजायला महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत. एखाद्या मंडळात ठरलेल्या मापाच्या वर पाऊस झाला की बियाण्यापुरती रक्कम पंचनाम्याची वाट न पाहता खात्यावर टाकता येईल. जमीन खरवडली, विहीर बुजली, जनावर वाहून गेलं, याचे पंचनामे सावकाश होऊ द्या. केंद्र एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या गावात, असं होईल. काहींना विनाकारण हेक्टरी साडेआठ हजार मिळतील. मिळू देत. वेळेवर मिळालेले साडेआठ हजार हे उशिरा मिळालेल्या साडेअठरा हजारांपेक्षा जास्त असतात, आणि हे सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

एक कबुली द्यायची राहिली. कळंब तालुक्यात माझ्या नावावर वडिलोपार्जित ८० आर रान आहे. मी ते कसत नाही, निम्म्या बटईनं दिलंय. बियाणं-खत निम्मं निम्मं, राबणं सगळं त्याचं. पाण्यात गेलं ते आमच्या दोघांचं सोयाबीन, पण सातबारा माझा, म्हणून अनुदान माझ्या खात्यावर आलं: आधी ६,८०० आणि नंतर ८,०००. पुण्यात बसलेल्या माणसाला. योजनेतली सगळ्यात मोठी गळती ही आहे, आणि जेवणाच्या टेबलावर ती कुणी काढली नाही, कारण तिथं बसलेल्या आम्हा चौघांपैकी तिघांच्या नावावर गावाकडे रान आहे. मी ते पैसे त्याला दिले. पण दिले म्हणून दिले. कायद्यानं तो माझ्याकडे एक रुपया मागू शकत नव्हता. बटईदाराचं नाव कुठल्याच यादीत नसतं. शेतमजुराचं तर नसतंच, सोयाबीन काढणीची त्याची पंधरा दिवसांची मजुरी गेली तिचा पंचनामा कुणी करत नाही.

दुसरा हप्ता माझ्या खात्यावर आला तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. मी फोन केला. तो म्हणाला, "हरभरा पेरून झाला की, दादा. दुकानदारानं बी उधारीवर दिलं. शेकडा तीननं."